सात की आठ

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. संध्याकाळच्या बातम्यांत कापसाचे भाव सांगत होते. बाबा दाराजवळच्या खांबाला टेकून, खाली गादीवर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की स्वयंपाकघरात माय आणि माझी बायको एकमेकींशी खुणांनी बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी, गावात आला. त्याने सात हजार दोनशे म्हटल्याबरोबर बाबा तापले. "काल टीव्हीवर आठ हजार दोनशे सांगतले. आमाले काय समजत नाही काय?" पारावर आठदहा माणसं होती. त्यातल्या एका पोराने मोबाइल काढून भाव दाखवला. सात हजार दोनशेच होता. बाबा पुढे एक शब्द बोलले नाहीत. दुपट्टा खांद्यावर टाकला, घरी आले, आणि त्या दिवसापासून टीव्हीसमोर बसणं त्यांनी सोडलं.

मला हे फार लागलं. हा माणूस चाळीस वर्षं गावच्या भजन मंडळात खंजेरी वाजवत आला आहे. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्याकडून नदी ओलांडली की आलीच. इकडच्या कित्येक गावांत खंजेरी भजन हाच संध्याकाळचा रिवाज होता. चार खंजेऱ्या एकत्र वाजत असल्या तरी कुणाचं चामडं ढिलं पडलंय हे बाबा मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचे आणि तेवढ्यालाच शेकायला पाठवायचे. त्या कानांना सात आणि आठ यातला फरक कळू नये?

वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. बाबा त्यांना म्हणाले, "आयकू येते साहेब, पन समजत नाही." डॉक्टर म्हणाले, या वयातले बहुतेक जण अगदी हेच वाक्य बोलतात. मग त्यांनी कागदावर रेघ काढून समजावलं. वय होतं तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आणि ते खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र व्यंजनांवर उभा असतो, आणि त्यांतली स, श, फ यांसारखी नुसत्या फुंकरीची व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. 'स' मधली सळसळ बहुतेक चार हजार हर्ट्झच्या वर. ती गळाली की 'सात' मधून उरतं 'आत'. बाकीचं मन भरून घेतं, आणि मनाला आठ हवे होते.

डॉक्टरांनी कानातलं मशीन दिलं. ते बाबा लग्नाकार्यात लावतात, घरी काढून ठेवतात. मी टीव्ही आणखी मोठा करून पाहिला, तर ते म्हणाले, "मोठा नोको करू. साफ कर."

साफ कसा करायचा, हे शोधता शोधता मी टॉवर स्पीकरपर्यंत, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरपर्यंत, पोहोचलो. खरं सांगायचं तर टॉवर स्पीकरची हौस मला कॉलेजपासून होती. पण हौसेला त्या डिसेंबरात कारण मिळालं.

नुसतं बोलणं साफ हवं असेल तर टॉवर लागत नाही, हे आधीच सांगतो. सिनेमात आणि मालिकांत संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. टॉवर मला हवे होते ते भजनासाठी. ढोलकी, पेटी, खंजेरी हे सगळं माणसाच्या उंचीवरून, भरल्या अंगाने यावं, आणि खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, न घेता यावं. टॉवरचं पोट मोठं असतं, म्हणून चांगला टॉवर चाळीसेक हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. छोट्या बुकशेल्फ स्पीकरला ते जड जातं. शिवाय त्याला स्टँड लागतो, आणि लहान पोरं असलेल्या घरात स्टँडवरचा स्पीकर केव्हा खाली येईल सांगता येत नाही.

नागपुरात सीताबर्डीला दुकानं पाहिली. पहिल्या दुकानात स्फोट ऐकवले, दुसऱ्यातही स्फोटच. माणूस काही बोलतोय असं कुणी ऐकवीना. मी पेनड्राइव्हवर मंडळाचं भजन नेलं होतं, मोबाइलवर केलेलं, साधंच. तिसऱ्या दुकानातल्या पोराने ते शांतपणे लावलं आणि बाजूला उभा राहिला. स्पीकर निवडताना मी माणसाचा आवाज धरून बसलो, आणि तेच बरोबर होतं असं आजही वाटतं. स्फोट कसा असतो ते आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे कुठलाही स्फोट खरा वाटतो. शेजारच्या काकांचा आवाज मात्र आपल्याला पाठ असतो. तो नाकातून आला किंवा मडक्यातून आला तर दुसऱ्याच ओळीला पकडता येतो.

दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून मागावा. एक डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला उगाचच चांगला वाटतो, आणि महागडा स्पीकर थोडा मोठा लावून दाखवणं अगदी सोपं असतं.

वॅटचं तर इकडे वेडच आहे. लग्नात डीजे किती वॅटचा, यावरून वरबापाची पत ठरते. घरासाठी त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहावी. माझ्या टॉवरची ८८ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८. तीन मीटरवर बसलो तर उघड्या रानात त्यातले साडेनऊ कमी होतील. पण घरात स्पीकर दोन असतात आणि भिंतीही काही आवाज परत देतात, म्हणून एका वॅटलाच ऐंशीच्या आसपास मिळतात. साधं बोलणं साठच्या घरात असतं. पन्नास वॅटवरून शंभरवर गेलात तर वाढतात फक्त तीन डेसिबल. हे गणित कळल्यावर मी अॅम्प्लिफायरवरचे पैसे वाचवले आणि टॉवरच्याच मालिकेतला, त्याच ट्वीटरचा, म्हणजे उंच पट्टी वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, सेंटर घेतला. वार्ताहर डावीकडून उजवीकडे चालत गेला तर मध्येच त्याचा गळा बदलायला नको.

आता आमची खोली. बैठक बावीस फूट लांब, बारा रुंद, साडेदहा उंच. स्लॅब, टाइल्स, चारही भिंती गुळगुळीत प्लास्टरच्या. जानेवारीत मी सामान आणलं तेव्हा खोलीचा मागचा आठ फूट भाग कापसाने भरलेला होता, पार छताला टेकेपर्यंत. भाव वाढायची वाट पाहत आमच्याकडे कापूस असाच घरात राहतो. त्याने अंगाला खाज सुटते, पोरांना वेगळं झोपवावं लागतं, पण गोदाम असतं कुणाकडे?

समोरच्या चौदा फुटांत मी मांडणी केली. डॉल्बीच्या शिफारशीप्रमाणे पुढचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर हवेत. मी दोरी आणि खिळा घेऊन फरशीवर खडूने त्रिकोण आखला, शेतात चौफुली आखतो तसा. टॉवरच्या खालचे टोकदार खिळे टाइल्सला चरे पाडतात, म्हणून एकेका खिळ्याखाली एकेक नाणं ठेवलं. तार हार्डवेअरच्या दुकानातली साधी तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. सहा मीटर अंतराला जाऊनयेऊन ओहमचा दहावा भागही भरत नाही. आठ ओहमच्या स्पीकरला तेवढी पुष्कळ झाली.

उंचीपाशी अडलं. कंपन्या टॉवर बनवतात सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी. माझ्या टॉवरचा ट्वीटर जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर, आणि खाली गादीवर बसलेल्या बाबांचा कान ७७ वर. उंच पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो त्यांच्या डोक्यावरून जाणार, आणि त्यांना नेमकी तीच पट्टी कमी ऐकू येते. शिवाय ट्वीटर आणि खालचे सूर वाजवणारा वूफर दोघे मिळून एकच स्वर सांभाळतात तिथे, दोन-अडीच हजार हर्ट्झपाशी, वरखाली बसलं की दोघांचं अंतर जुळत नाही आणि आवाजात खळगा पडतो. बाबांना सोफ्यावर बसा म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. त्या खांबाशी ते घर बांधल्यापासून बसतात. मग स्पीकरच वाकवले. सुताराकडून सागाच्या पाऊण इंची चकत्या आणल्या आणि दोन्ही टॉवरच्या मागच्या खिळ्यांखाली सारल्या. पाऊण इंचाने टॉवर तीन अंश पुढे झुकतो, आणि तीन मीटरवर तेवढ्याने सोळा-सतरा सेंटिमीटर खाली येतो. पोरं धक्का मारतील म्हणून मागून भिंतीला पट्टाही बांधला.

अॅम्प्लिफायर ज्या पेटीत असतो त्या रिसिव्हरसोबत एक माइक येतो. तो कानाच्या उंचीवर ठेवला की रिसिव्हर खोली मोजतो. त्या वेळी शांतता हवी असते, आणि खेड्यात शांतता असते हा शहरातला समज आहे. दिवसा ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, आटाचक्की. रात्री लाइन आली की विहिरीवरच्या मोटारी. रात्री दोनला उठून मोजणी केली. सबवूफर नव्हता म्हणून टॉवर 'लार्ज' ठेवले. सेंटर 'स्मॉल', म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचं त्याने टॉवरकडे सोपवायचं. बाजूचे दोन छोटे स्पीकर भिंतीला लावून टाकले, त्यांच्यात मला फारसा रस नव्हता.

आणि आवाज काय लागला म्हणून सांगू! पहिल्याच संध्याकाळी बाबांना बळेच बसवलं आणि भजन लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला म्हणाले, "उजव्या हाताची खंजेरी ढिली हाय." दोन महिने ते रोज बातम्या ऐकायला बसले.

होळी झाल्यावर कापूस विकला. गाडी भरून गेली, बायकोने खोली झाडली, धुतली. टॉवर सरकवले होते ते मी परत जागेवर ठेवून जोडले. संध्याकाळी बातम्या लागल्या, आणि बाबांनी पाच मिनिटांत विचारलं, "हा मानूस इहिरीतून बोलून रायला काय?"

मला माझ्या नेहमीच्या जागेवरून, दिवाणावरून, विहीर ऐकू येत नव्हती. भजन लावलं तर ढोलकी मात्र पोकळ वाजत होती. मागचं एक कनेक्शन उलटं झालं असावं अशी शंका आली. पेन्सिल सेल घेतला, स्पीकरच्या तारा अॅम्प्लिफायरकडून सोडवल्या आणि लालला सेलचं वरचं टोक, काळ्याला बूड असं क्षणभर टेकवलं. डावा वूफर अलगद बाहेर आला. उजवा आत गेला. एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, दोघांचा खालचा सूर हवेतल्या हवेत संपत होता. तारा बदलल्या, ढोलकी परत आली. बाबांची विहीर मात्र तशीच राहिली. ते पुन्हा टीव्हीवरून उठायला लागले.

तीन दिवस मी दिवाणावर बसून रिसिव्हरचे आकडे बदलत होतो. चौथ्या दिवशी बाबा वावरात गेले असताना त्यांच्या गादीवर, खांबाला पाठ लावून बसलो. त्या जागेवर मी कधीच बसलो नव्हतो. तिथून खोली वेगळीच होती. वार्ताहराच्या प्रत्येक शब्दाला शेपूट होतं आणि ते पुढच्या शब्दावर पडत होतं. 'शे' ची 'ए' अजून विरलेली नाही तोवर पुढचा 'रु' येऊन गेलेला. खाली एक घूंऽऽ सतत.

त्या घूंचं कारण खोलीच्या मापात होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. बारा फुटांच्या रुंदीत ४७ हर्ट्झची लाट बरोबर बसते, तर बावीस फुटांच्या लांबीची दुप्पट लाट ५१ ला. दोन्ही शेजारी येऊन साचतात. रुंदीच्या लाटेचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि मधोमध सगळ्यात कमी. मी मधोमध बसत होतो. बाबा भिंतीपाशी.

आणि शब्दांच्या शेपटांचं कारण मोंढ्यात जाऊन पोहोचलं होतं. आठ फूट खोल कापसाचा ढीग. आवाज त्यात शिरला की रेशारेशांत घासून दमायचा, अगदी खालच्या पट्टीचासुद्धा. पातळ पडद्याला जे कधीच जमत नाही ते तो ढीग आयतं करत होता. ज्या खोलीत मी स्पीकर मांडले, मोजले, ज्यांचं कौतुक केलं, ती खोली मोंढ्यात विकून झाली होती.

याच वाटेवरून फार आधी एक माणूस गेला आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन व्याख्यानगृह झालं, आणि त्यात बोललेला शब्द पाच सेकंदांच्या वर घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री, सगळं निजानीज झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि पहाटेआधी गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून त्याने सूत्र काढलं: खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, शोषणारं सामान जितकं जास्त तितकं कमी. सगळ्या जगातली सभागृहं पुढे त्या सूत्रावर बांधली गेली. मला त्यातल्या गाद्याच तेवढ्या दिसत राहिल्या.

गावात एक पिंजारी चाचा आहेत. आता मशीन आहे, पण त्यांची जुनी धनुकली अजून भिंतीला टांगलेली असते. त्यांना म्हटलं, सहा गाद्या हव्यात, चार बाय दोन फूट, चार इंच जाड, आणि लावायच्या भिंतीला. "भितीले गादी?" ते म्हणाले. "भितीवर कोन झोपते बाप्पा?" कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी मनापासून काम केलं. फार ठासून भरू नका म्हटलं तर म्हणाले, मले माहीत हाय, धनुकलीचा आवाज कापूस उघडला की बसते. मी सुताराकडून चौकटी करून घेतल्या. कापड वर्ध्याहून आणलेली जाडीभरडी खादी. तोंडाला लावून फुंकर मारली आणि ती पलीकडे गेली तर ते कापड चालतं. हवा जाते तिथून आवाजही जातो.

कुठे लावायच्या ते बायकोने ठरवलं. मी बाबांच्या जागी बसलो आणि ती भिंतीवरून आरसा सरकवत गेली. आरशात टॉवर दिसला की पेन्सिलने खूण. तिथून पहिला उसळलेला आवाज कानावर येतो. खुणा दिवाणावरून पाहिल्या असत्या तर दीड हात पलीकडे पडल्या असत्या. चौकटी भिंतीपासून तीन इंच सोडून लावल्या. मागे पोकळी असली की तीच गादी आणखी खालचा सूर धरते. मागच्या दोन कोपऱ्यांत घरातल्या जास्तीच्या गाद्या छातीएवढ्या रचल्या. कापूस लवकर पेटतो, म्हणून स्विचबोर्ड आणि देवघर असलेली भिंत कोरीच ठेवली.

टॉवर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले आणि आतल्या बाजूला बरेच वळवले, दोघांचे झोत बाबांच्या थोडं अलीकडेच एकमेकांना छेदतील असे. बाबा डाव्या टॉवरच्या जवळ असतात. इतकं वळवल्यावर जवळचा त्यांच्याकडे तिरपा पाहतो आणि लांबचा सरळ, त्यामुळे दोन्हींची बरोबरी होते. मग पुन्हा एका रात्री दोनला उठून मोजणी केली. या वेळी माइक खांबापाशी.

एप्रिल, मे मध्ये हे सगळं निम्म्याने वाया जातं. पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करणं शक्य नाही, आणि कूलर ज्या पट्टीत घोंघावतो तिथेच बोलणं असतं. सेंटर तेवढा तीन डेसिबलने वाढवून ठेवतो आणि कूलर दोन खिडक्या पलीकडे नेला आहे. लाइन कमीजास्त होते म्हणून स्टॅबिलायझर आहे, वीज कडाडली की प्लग काढतो. पावसाळ्यात उजव्या टॉवरमधून फुरफुर येऊ लागली. टॉर्च मारला तर पोर्टच्या, म्हणजे टॉवरच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीत कुंभारणीने मातीचं घर केलेलं, अंगठ्याएवढं, अगदी गोल. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलो, मग ते काढलं आणि दोन्ही नळ्यांना बारीक जाळी लावली. आमच्याकडे जो कुणी पोर्टचा स्पीकर घेईल त्याने जाळी पहिल्या दिवशीच लावावी.

यंदा वेचणी उशिरा झाली. कापूस पुन्हा खोलीत आला आहे, मागच्या गाद्यांच्या वरपर्यंत. परवा संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा मी दारात सायकल पुसत होतो. बाबा खांबाला टेकलेले. भाव सुरू झाले: अकोला, हिंगणघाट, वणी. बाबांनी रिमोट उचलला, मला वाटलं आता वाढवतील. त्यांनी आवाज दोन घरं खाली आणला आणि आत माय भाकरी थापत होती तिला सांगितलं, "सात चारशे."

"आयकलं," माय आतून म्हणाली.